नाव टाकलं की काय निघतं

कंपनीच्या एचआरला आमच्या मुलांचं पहिलं दर्शन होतं ते लिंक्डइनवर नव्हे, ट्रूकॉलरवर. बायोडेटावरचा नंबर ती फिरवते आणि पलीकडून 'हॅलो' यायच्या आत तिच्या स्क्रीनवर नाव उमटलेलं असतं: 'सोन्या भाई डीजे', 'पप्या ट्रॅक्टर', 'गण्या उधारी'. शेवटचं नाव माझ्या पदरचं नाही. मेकॅनिकलच्या एका मुलाने गावातल्या टपरीवर चहाचे पैसे थकवले होते, आणि टपरीवाल्याने आणि त्याच्या भावाने त्याचा नंबर त्याच नावाने सेव्ह केला होता. ट्रूकॉलरचा कारभार असाच चालतो. लोकांच्या फोनमध्ये तुमचा नंबर ज्या नावाने असतो, लोक जे नाव सुचवतात, त्यावर त्याची नोंदवही भरते. आपल्याच नंबरावर आपण कधी फोन लावत नाही, त्यामुळे आपलं बारसं कुणी कसं केलंय याचा मुलाला पत्ताच नसतो.

दुरुस्ती अगदी सोपी आहे. आपल्या नंबराने ॲपमध्ये नोंदणी करायची आणि खरं नाव टाकायचं. ते ॲपच नको असेल तर नंबर त्यांच्या यादीतून काढून टाकण्याची सोय त्यांच्या वेबसाइटवर आहे. फायनल इयरच्या पहिल्या बैठकीत मी हेच करून घेते. शेजारी बसलेल्याचा नंबर शोधा म्हटलं की वर्गात जो गोंधळ उडतो, तो गॅदरिंगलाही उडत नाही. त्यानंतर मुलं माझं उरलेलं बोलणं ऐकतात.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ट्रेनिंग अँड प्लेसमेंटचं काम बघते, म्हणजे मुलांच्या भाषेत टीपीओ मॅडम. त्याआधी काही वर्षं हिंजवडीत एका कंपनीच्या भरती विभागात होते. तिथे मी मुलं गाळायचे, इथे ती गाळली जाऊ नयेत म्हणून धडपडते. त्यामुळे 'कंपनी आपलं इन्स्टा बघते का?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि माझं उत्तर ऐकून मुलं जरा खट्टू होतात.

खरं सांगायचं तर कंपनीला इतका वेळ नसतो. एका जागेला शेकडो बायोडेटा येतात. त्यातले दहा-बारा वेगळे काढले की मग एखादी कनिष्ठ एचआर नाव गुगलवर टाकते, लिंक्डइन उघडते, कोडिंगची जागा असेल तर गिटहब उघडते. माणशी दोन-तीन मिनिटं, त्यातच मध्ये चहा येतो. या दोन-तीन मिनिटांत आम्ही कुणाचं चारित्र्य शोधत नव्हतो. आम्ही विसंगती शोधत होतो. बायोडेटावर नोकरी जूनपासून मार्चपर्यंत, लिंक्डइनवर जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत, आणि पुढे पीएफच्या यूएएन क्रमांकावरचा सेवा-तपशील मागवला की तिसरंच काहीतरी. अशा वेळी उमेदवार खोटारडा आहे असंच काही नसतं. बरेचदा त्याने लिंक्डइन दोन वर्षांपूर्वी बसमध्ये बसून अंदाजपंचे भरलेलं असतं. पण बघणाऱ्याला ते कळायचा मार्ग नाही, आणि त्याच्यासमोर आणखी नऊजण रांगेत आहेत. फ्रेशरच्या बाबतीत तारखांऐवजी इंटर्नशिप पाहिली जाते. एकाच वर्गातल्या पन्नास जणांनी एकाच कुठल्यातरी 'सोल्युशन्स'मध्ये एकाच महिन्यात इंटर्नशिप केलेली दिसली, की प्रमाणपत्र विकत घेतलंय हे न सांगता समजतं. आणि 'फाउंडर अँड सीईओ' लिहिणारा सेकंड इयरचा मुलगा दरवर्षी एक तरी असतोच. मी त्याला विचारते, 'बाबा, कंपनीत आणखी कोण आहे?' तो म्हणतो, 'मित्र आहे, पण तो सध्या केटीच्या अभ्यासात आहे.'

आपल्याकडे स्थळ आलं की मामा मुलाच्या गावी जाऊन किराणा दुकानदाराकडे, पारावर चौकशी करून येतो. हा त्यातलाच प्रकार. फरक एवढाच, की तो दुकानदार मुलाला निदान ओळखत तरी असतो.

कॉम्प्युटर लॅबमध्ये मी एक दुपार यासाठीच राखून ठेवते. इन्कॉग्निटो विंडो उघडायची, कारण आपल्या नेहमीच्या खात्यातून शोधलं तर गुगल आपल्याला आपल्या सवयीचंच दाखवतं. मग स्वतःचं नाव तीन तऱ्हांनी टाकायचं: नाव-आडनाव, नाव-वडिलांचं नाव-आडनाव, आणि नावापुढे गाव. पहिल्या तऱ्हेत बहुतेकांना स्वतःचा मागमूस लागत नाही. पाटील, शिंदे, जाधव आडनावाच्या मुलाला आपल्याच नावाचे नगरसेवक, डॉक्टर, बिल्डर आणि कबड्डीपटू भेटतात. एकाला तर त्याच नावाचा, शेजारच्या जिल्ह्यातला, मारामारीच्या गुन्ह्यातला आरोपी भेटला. बातमी एका मोठ्या वर्तमानपत्राच्या वेबसाइटवरची, गुगलच्या पहिल्याच पानावर. मुलगा घाबरून म्हणाला, 'मॅडम, हा मी नाही.' मला ठाऊक होतं, पण बेंगळुरूत बसलेल्या एचआरच्या मुलीला कसं ठाऊक असणार? त्याच्यासाठी आम्ही एकच गोष्ट केली. बायोडेटा, लिंक्डइन, गिटहब, ईमेल, सगळीकडे वडिलांच्या नावासकट एकच पूर्ण नाव, एकच फोटो, कॉलेज आणि गाव. लिंक्डइनच्या पानाचा पत्ताही आपल्याला हवा तसा बदलता येतो, तो बदलून बायोडेटावर छापला. तो आरोपी गुगलवरून गेला नाही, जायचं कारणही नाही. पण आता कुणी शोधलं तर दोन वेगळी माणसं दिसतात.

तीन पदी नाव टाकलं की मात्र चित्र बदलतं, आणि इथे मी मुलांपेक्षा जास्त अस्वस्थ होते. वर येतात त्या पीडीएफ याद्या. केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, म्हणजे कॅप राउंडच्या गुणवत्ता याद्या, कॉलेजनिहाय वाटपाच्या याद्या. त्यात मुलाचं पूर्ण नाव असतं, टक्के असतात आणि प्रवर्ग असतो. प्रवेशप्रक्रिया उघडपणे व्हावी, कुणाची जागा कुणी मागच्या दाराने घेऊ नये, म्हणून त्या लावल्या जातात आणि ते योग्यच आहे. पण प्रवेश होऊन चार वर्षं उलटतात आणि यादी तिथेच राहते. मग मुलाखत घेणाऱ्याने जे विचारता कामा नये, ते त्याला न विचारता कळतं. त्याचा निर्णयावर परिणाम होतो की नाही हे सिद्ध करता येणार नाही, पण मी त्या खोलीत बसलेली आहे. आडनाव वाचून 'कुठले तुम्ही?' असं विचारणाऱ्यांचा सूर मला ओळखू येतो.

आमच्या कॉलेजच्या वेबसाइटवर तर त्याहून भारी प्रकार सापडला. शिष्यवृत्तीची एक जुनी यादी, त्यात नाव, जात आणि बँकेचा खाते क्रमांक. एका मुलीला स्वतःचं नाव शोधताना ती सापडली. यादी उतरवायला सांगावं तर वेबसाइट बनवणारा माणूस तो धंदा सोडून द्राक्षाच्या औषधांच्या एजन्सीत गेलेला, आणि पासवर्ड ऑफिसात कुणाकडेच नाही. शेवटी प्राचार्यांच्या सहीचं पत्र होस्टिंगवाल्यांना गेलं, तेव्हा कुठे फाइल उतरली. तरीही काही दिवस गुगलवर तिच्या मजकुराची ओळ दिसतच होती. मूळ पान काढलं गेलं असेल तर जुना निकाल ताजा करून घ्यायचा गुगलचा एक फॉर्म आहे, तो त्या मुलीनेच भरला. ऑनलाइन प्रतिमा जपा म्हणून पोरांना भाषणं देणाऱ्या संस्थांनी आधी आपलं कपाट आवरावं, असं माझं मत तेव्हापासून पक्कं झालं. आमच्या मॅनेजमेंटलाही मी ते सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

आता डीपीकडे वळते, कारण व्हॉट्सॲपचा डीपी हा आमच्याकडचा खरा चेहरा आहे. मुलाखतीची वेळ, लिंक, पत्ता, सगळं व्हॉट्सॲपवर येतं, आणि पाठवणाऱ्याला गोलात तुमचा फोटो दिसतो. गेल्या काही वर्षांत आमच्या भागात वाढदिवसाचं एक प्रकरण सुरू झालंय: चौकात बॅनर, फटाके, गाडीच्या बॉनेटवर पाच केक आणि ते कापायला तलवार. आयटीच्या एका गुणी मुलाचा डीपी असाच होता. पुण्याहून आलेल्या एका एचआरने मला तो दाखवून विचारलं, 'मॅम, हा सेफ आहे ना?' मी मुलाला बोलावलं.

'मॅडम, तलवार माझी नाही.'

'मग कुणाची?'

'मामाच्या मंडळाची. शिवजयंतीला काढतात. मी फक्त धरली.'

'आणि केक?'

'केक पण मी खाल्ला नाही मॅडम, सगळा तोंडाला लावला पोरांनी.'

हसू येतं, पण तलवारीने केक कापल्याच्या व्हिडिओवरून पोलीस शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल करतात, आणि व्हिडिओ बहुतेक वेळा त्या मुलांनीच टाकलेला असतो. एचआरच्या मनात काय येईल ही त्यातली लहान अडचण. मोठी अडचण पुढे असते, कंपनी जॉइनिंगच्या वेळी पोलीस व्हेरिफिकेशन मागते तेव्हा. त्या मुलावर गुन्हा नव्हता. त्याने डीपी बदलला, रील काढलं. पण ते रील मंडळाच्या खात्यावरही होतं, त्यात त्याला टॅग केलेलं, शिवाय मामाच्या स्टेटसला. त्याला टॅग काढता आला. मंडळाचं रील काढणं त्याच्या हातात नव्हतं. मामाला सांगायची त्याची हिंमत झाली नाही, आणि मला ते समजतं.

खूप मुलांची अडचण अशीच असते. त्यांच्या नावाने जे दिसतं, त्यातलं थोडंच त्यांनी स्वतः टाकलेलं असतं. बाकीचं टपरीवाला, मंडळ, कॅप राउंड, कोचिंग क्लासची जाहिरात, आत्तेबहिणीच्या लग्नाचा अल्बम यांनी टाकलेलं. आणि ज्याला आपण स्वतःचं काम म्हणतो, ते मात्र कुठेच नसतं. 'साफसफाई करा' एवढाच सल्ला या मुलांना देण्यात अर्थ नाही. शहरातल्या, इंग्रजी शाळेतल्या मुलाला झाडू लागतो. आमच्या मुलाला आधी घर बांधायचं असतं.

त्यातली एक गोष्ट जरा सविस्तर सांगते. आष्ट्याकडच्या एका मुलाने घरच्या उसासाठी एक छोटी यंत्रणा केली होती. शेतीची थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की वडील बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे. याने मोटरच्या स्टार्टरला सिम कार्डवाला एक बोर्ड जोडला, वीज आली की घरी मेसेज, आणि मिस्ड कॉल दिला की मोटर सुरू. बाजारात असले ऑटो स्टार्टर मिळतात, त्यामुळे त्याला ते सांगण्यासारखं वाटत नव्हतं. बायोडेटावर त्याने लिहिलं होतं 'फेस रेकग्निशन अटेंडन्स सिस्टिम', कारण वर्गातल्या प्रत्येक ग्रुपने तेच लिहिलं होतं. मी त्याला तो प्रोग्राम गिटहबवर टाकायला लावला, सोबत स्टार्टरच्या पेटीचा फोटो, तारांची आकृती, आणि काय काय बिघडलं त्याची नोंद. पेटीत पाल शिरून शॉर्ट झालं होतं, तेही लिहायला लावलं. त्याचं इंग्रजी साधंच होतं, मी ते सुधारलं नाही. बदलांच्या नोंदींना नावं 'फायनल', 'फायनल टू', 'लास्ट फायनल' अशी होती, तीही तशीच राहू दिली.

पुण्याच्या एका मध्यम कंपनीच्या मुलाखतीत समोरच्या माणसाने ते पान उघडलं आणि बराच वेळ फक्त त्याच्यावरच प्रश्न विचारले. वीज मध्येच गेली तर? दोघांनी एकदम कॉल केला तर? आणि मग एक प्रश्न असा आला, की मुलगा गारच पडला: 'एसएमएसच्या खात्याची गुप्त किल्ली तू कोडमध्ये ठेवली आहेस, हे तुला माहीत आहे?' मुलाने मुलाखतीच्या आदल्या रात्री ती ओळ काढली होती. पण गिटमध्ये आजची फाइल बदलली तरी जुनी प्रत इतिहासात राहते, आणि समोरच्याने इतिहास उघडला होता. मुलगा म्हणाला, 'काढली होती सर, पण जुन्यात राहते हे माहीत नव्हतं.' समोरच्याने लगेच विचारलं, 'मग आता काय करशील?' मुलाने थोडा विचार करून सांगितलं, 'ती किल्लीच बंद करून नवी घेईन.' हेच बरोबर उत्तर आहे. इतिहास खोडत बसण्यापेक्षा किल्ली निकामी करणं. त्याला ती नोकरी मिळाली. मिळाली नसती तरी ते पान बायोडेटावर ठेव असंच मी त्याला सांगितलं असतं.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यात माझा जीव जास्त अडकतो. आमच्या निम्म्या मुलींच्या लिंक्डइनवर फोटोच्या जागी गुलाब, गणपती किंवा राखाडी गोल असतो. हे संकोचातून होत नाही, घरचा हुकूम असतो. फोटो कुणीतरी उचलतं, कशालातरी जोडतं, ही भीती बापाला आहे आणि ती खोटी नाही. एका वडिलांचा मला फोन आला, 'मॅडम, नोकरी नाही लागली तरी चालेल, पण पोरीचा फोटो नेटवर नको.' मी वाद घातला नाही. लिंक्डइनच्या सेटिंगमध्ये फोटो कुणाला दिसावा हे ठरवता येतं: फक्त ओळखीच्या जोडण्यांना, सगळ्या सभासदांना, की अख्ख्या जगाला. मुलीने मधला पर्याय निवडला, नंबर आणि जन्मतारीख काढली, आणि वडिलांना माझ्या केबिनमध्ये बसून दाखवलं की बाहेरून शोधलं तर फोटो दिसत नाही. ते म्हणाले, 'मग राहू दे.' लग्नानंतर आडनाव बदलून पुन्हा नोकरी शोधणाऱ्या माजी विद्यार्थिनींना मी पूर्वीचं नाव लिहायची जागा दाखवते, नाहीतर त्यांची पदवी एका बाईच्या नावावर आणि अनुभव दुसरीच्या.

मुलींना आणखी एक फटका बसतो. तोच गोव्याच्या सहलीचा फोटो मुलाच्या खात्यावर असला तर 'मजा करतोय पठ्ठ्या', मुलीच्या खात्यावर असला तर भुवया वर. हिंजवडीत असताना आमच्या टीममध्ये मी हे ऐकलंय, आणि बोलणारे सगळे पुरुष नव्हते. म्हणून मुलींना मी खातं बंद ठेवायला सांगते तेव्हा ते सोयीसाठी सांगते, न्याय म्हणून नाही. हे त्यांनाही तसंच सांगते.

मग येतो मोर्चाचा प्रश्न. आमच्या भागात आरक्षणाच्या बाजूने आणि विरोधात, दोन्हीकडची मुलं एकाच बाकावर बसतात. 'मॅडम, मोर्चातला फोटो काढू का?' असं दरवर्षी कुणीतरी हळूच विचारतं. माझं म्हणणं असं आहे: मोर्चात चाललेला फोटो राहू दे. कुणाच्या जातीला शिवी घातलेली कमेंट असेल, तर ती आजच काढ, आणि नोकरी मिळाल्यावर पुन्हा टाकू नकोस. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही, ते म्हणतात सगळंच काढून टाकायला लाव, कटकट नको. मला ते भित्रेपणाचं वाटतं. पण त्यांच्या भीतीला मुळीच आधार नाही असंही नाही. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती, आणि पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारला. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट फक्त लाइक केली. दोघींना अटक झाली, पोस्ट लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. त्या अटकेनंतर एका कायद्याच्या विद्यार्थिनीने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द केलं. कलम गेलं, पण आमच्या घराघरांतून 'लाइकसुद्धा करू नको' ही ताकीद काही गेली नाही.

कायद्याने मुलांना काय मिळतं, हेही मी सांगते, पण त्याचा फार भरवसा देत नाही. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं, २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. पण त्या कायद्यात एक कलम असं आहे, की जी माहिती तुम्ही स्वतः जाहीर केली आहे तिला तो लागूच नाही. म्हणजे मोकळ्या खात्यावर टाकलेल्या रीलवरून तुम्हाला कुणी नाकारलं तर या कायद्याचा आधार फारसा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१मध्ये एका भारतीय वंशाच्या अमेरिकन तरुणाला मात्र दिलासा दिला होता. अमली पदार्थांच्या खटल्यात तो निर्दोष सुटला होता, पण नाव टाकलं की तो खटलाच वर यायचा आणि नोकरी मिळेना. तो निकाल शोधयंत्रांतून हटवायचा अंतरिम आदेश न्यायालयाने दिला. हे ऐकून मुलं विचारतात, 'मग आम्ही पण जाऊ का कोर्टात?' कॅप राउंडच्या यादीसाठी कोण जाणार!

बंद ग्रुपबद्दल मी एकच उदाहरण देते. २०१७मध्ये हार्वर्डने प्रवेश दिलेल्या किमान दहा मुलांचे प्रवेश मागे घेतले, कारण त्यांनी फेसबुकवरच्या एका खासगी ग्रुपमध्ये किळसवाणे मीम टाकले होते. खासगी ग्रुपातही एकाच्या हातात स्क्रीनशॉट असतो. आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपची नावं मला माहीत आहेत, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

पूर्वी माझा सगळ्यांना सल्ला ठरलेला होता: इन्स्टाग्राम लॉक ठेवा, लिंक्डइन आणि गिटहब मोकळं ठेवा. इन्साइट बघायला मिळतात म्हणून मुलं इन्स्टाचं खातं 'क्रिएटर' करतात, आणि असलं व्यावसायिक खातं लॉकच करता येत नाही, एवढं लक्षात आणून दिलं की काम भागायचं. जून २०२५मध्ये अमेरिकेने हे सगळं उलटं केलं. विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसासाठी, म्हणजे एफ, एम आणि जे वर्गांसाठी, अर्ज करणाऱ्यांनी सोशल मीडियाची सगळी खाती 'पब्लिक' करावीत असा आदेश निघाला. २०१९पासूनच डीएस-१६० या फॉर्मवर गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावं द्यावी लागत होती, पण तेव्हा ती उघडी ठेवायची सक्ती नव्हती. डिसेंबर २०२५पासून हाच नियम एच-१बी या नोकरीच्या आणि एच-४ या त्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसालाही लागू झाला.

त्या जूनमध्ये एमएसला निघालेल्या आमच्या मुलांची जी तारांबळ उडाली, ती बघण्यासारखी होती. कुणी खातीच डिलीट केली. कुणी कन्सल्टंटच्या सांगण्यावरून नवं कोरं खातं उघडून त्यावर सूर्यास्ताचे फोटो टाकले. मला हे दोन्ही चुकीचं वाटलं आणि तसं मी सांगितलं. फॉर्म पाच वर्षांचा हिशेब मागतो, त्यात खातं बंद केलं म्हणून ते वापरलं नव्हतं असं होत नाही, आणि व्हिसाच्या फॉर्मवरचं खोटं हे जुन्या मीमपेक्षा कितीतरी महागात पडतं. ज्याची खाती आहेत त्याने ती लिहावीत, उघडावीत, आणि त्यात काय आहे ते स्वतः एकदा शेवटपर्यंत वाचावं.

इलेक्ट्रॉनिक्सचा एक मुलगा ढोलपथकात वाजवणारा. त्याचं अख्खं खातं म्हणजे ढोल, भगवे फेटे, घामेजलेली मुलं आणि मागे फटाक्यांचा धूर. त्याच्या आईला वाटत होतं, गोऱ्या साहेबाला हे दंगलीसारखं दिसेल. मी तिच्याबरोबर बसून ते खातं खालपर्यंत पाहिलं. दोन ठिकाणी मित्रांच्या कमेंटमध्ये शिव्या होत्या, त्या मुलाने काढल्या. बाकी सगळं ठेवलं. फक्त फोटोखाली कुठला गणपती, कुठलं गाव, कुठलं पथक हे इंग्रजीत एकेका ओळीत लिहिलं, म्हणजे न ओळखणाऱ्यालाही कळावं.

मुंबईत बीकेसीच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात त्याला दोनच प्रश्न विचारले: कुठली युनिव्हर्सिटी आणि पैसे कोण भरणार. ढोलाबद्दल कुणी काही विचारलं नाही, खातं पाहिलं की नाही हेही कळलं नाही. पासपोर्ट व्हिसासकट आला. ऑगस्टमध्ये तिथे पोचल्यावर त्याचा मेसेज आला, 'मॅडम, आता परत लॉक करू का?' मी लिहिलं, आत्ता नको, आणि एकदा तुझ्या युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचार. त्याने विचारलं असेल की नाही, माहीत नाही. गणपतीत त्याने तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या मिरवणुकीचं रील टाकलं, तेही पब्लिक, आणि खाली एकेक ओळ इंग्रजीत.